हात हलवायचा नाही

धोंडुबाईच्या जावयाला चिंबोरीचा रस्सा आवडे, तोही अमावास्येचा. पौर्णिमेचा खेकडा आतून पोकळ निघतो, हे रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या त्या माणसालाही कळत होतं. दुपारी तो जिते स्टेशनला उतरून जेवायला येणार, म्हणून धोंडुबाईने वाटणाचं खोबरं भाजून ठेवलं आणि सकाळीच टोपली घेऊन खाडीच्या बांधावर गेली. सरू तिथेच असणार, हे तिला माहीत होतं. गावात कोण कुठे गेलंय आणि कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे धोंडुबाईला कळलं नाही असं सहसा होत नसे.

सरूचा नवरा पुंडलिक तीन महिन्यांपूर्वी याच चिखलात गेला. बिळात हात घातला आणि चिंबोरीने धरला. अशा वेळी हात ओढायचा नाही, ओढला की नांगी आणखी आवळते. गप राहायचं, मग ती आपसूक सोडते. खाडीकाठच्या पोरांना हे शिकवावंही लागत नाही. "तू हो पुढं, सोडंल आत्ता," असं तो सोबतच्या रघूला म्हणाला. मग भरती आली. टोपली सापडली, पुंडलिक नाही. एका चिंबोरीपायी धडधाकट माणूस बुडतो कसा, ते कुणालाच उमगलं नाही.

तेव्हापासून सरू रोज ओहोटीला चिखलात उतरे. परतताना टोपली रिकामी असे, हे धोंडुबाईने बघून ठेवलं होतं; पण आज अमावास्या, चार तरी मिळतील, असा तिचा हिशेब होता. कपाळावरचं कुंकूही सरूने पुसलं नव्हतं.

"सरू गो! चार भरलेल्या चिंबोऱ्या दे, जावई यायचाय!"

सरू बांधाच्या पायथ्याशी पालथी पडली होती. उजवा हात खांद्यापर्यंत बिळात. चिखलाला कुजका, गोडूस वास येत होता. एरवी सगळीकडे तुरतुरणाऱ्या चिंबोऱ्यांपैकी आज एकही बाहेर नव्हती.

"काकी... हळू बोल."

"चिंबोरीनं धरलं काय? माझा जावई तुझ्या भरतीपर्यंत थांबायचा नाय हां!"

"चिंबोरी नाय गो... बोटं हायत. चार पुरी... करंगळी अर्धी."

धोंडुबाईचं हसू ओठावरच राहिलं. पुंडलिकची करंगळी लग्नाआधीच अर्धी तुटलेली होती. सगळ्या गावाला माहीत होतं.

तिने मिठागराकडे बघून हाका मारल्या. माणसं लांब होती, कावळ्याएवढी दिसत होती, आणि वारा समोरून होता. पाणी बुडबुडत बिळाबिळातून वर येऊ लागलं. ती घसरत खाली उतरली आणि सरूचा डावा हात धरून जिवाच्या आकांतानं ओढू लागली. सरू वीतभर वर आली आणि पुन्हा खाली गेली.

"ओढू नको काकी... ओढलं का तो जास्ती धरतो."

"अगो, पाणी आलं! सोड त्याला!"

"लई थंड हात हाय गो त्याचा," सरू म्हणाली. पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. "एकलाच हाय तो... थांब जरा."

मग पाणी तिच्या डोक्यावरून गेलं. पाणी चढत गेलं, तरी धोंडुबाई तो डावा हात धरून छातीभर पाण्यात उभी होती. खाली सरूचा हात अचानक फिरला आणि धोंडुबाईच्याच मनगटाला घट्ट बसला. धोंडुबाई ओरडली नाही, हललीही नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं तेवढंच तिला आठवलं. ती गप उभी राहिली. खूप वेळाने पकड सुटली.

सरू मिळाली नाही. रस्सा धोंडुबाईच्या घरात पुन्हा शिजला नाही.

मनगटावरचे वळ अजून गेलेले नाहीत. सरूची बोटं काडीसारखी होती, हे वळ रुंद आहेत. चार पुरे, करंगळीचा अर्धा.

आता भरतीची वेळ झाली की धोंडुबाई ओटीवर येऊन बसते, उजवा हात मांडीवर ठेवून, जराही न हलवता. सून विचारते, "आत्याबाई, हात का असा धरलाय?"

"धरलाय मी नाय गो," ती हळूच म्हणते. "थांब... सोडंल आत्ता."