सोड्याने घासलेलं गाळणं

वाईट बातमी हसत हसत देणारा माणूस आत्याबाईंना मुळीच खपत नसे. भाचीच्या प्रयोगशाळेतला तो यंत्रवाला नेमका तसाच. पोरीच्या पावडरीचा निकाल हल्ली दर खेपेला पडलेला, आणि हा खिडकीतून कागद देताना दात दाखवतो. याला काय म्हणावं? भाचीला मात्र कारण ठाऊक होतं. तो हसतो ते आपल्याला धीर यावा म्हणून, हे आत्याला कोण सांगणार...

भाचीचं काम पांढऱ्या पावडरीचं. तेलाची गरम वाफ त्या पावडरीवरून गेली की तुटून हलकी होते, आणि हे घडवते पावडरीच्या अंगावरची आम्लता. चिमूटभर सल्फेट मिसळून भाजलं की ती चढते, सोड्याचा अंश लागला की उतरते. हे ऐकून आत्या म्हणाली होती की, मग तुझी पावडर नव्या सुनेसारखीच. कानाशी कोण लागतं त्यावर सगळं.

आम्लता मोजायची यंत्रवाल्याने. पावडरीवर अमोनिया सोडायचा, मग तापवायचं. आम्लता जितकी कडक, तितका अमोनिया चिकटून बसणार. पहिला नमुना घेऊन ती खिडकीशी गेली, तेव्हा निकाल झकास आला होता. पण त्याची नजर कागदावर नव्हतीच, तिच्या चिरा पडलेल्या बोटांवर होती. भांडी ॲसिडने धुवावी लागतात, ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

पुढे सकाळी भांडी धुऊन पालथी घातलेली दिसू लागली. धुणाऱ्या बाईंना दया आली, असं तिला वाटलं. आणि निकाल मात्र घसरत चालले.

"पाहुण्या अमोनियाला बसा म्हणतच नाही तुमची पावडर," तो म्हणे.

"यजमान असा टक लावून बघत असेल, तर पाहुणा बसेल कसा?" ती म्हणे, आणि कागद घेताना बोटं उगाच रेंगाळत.

शेवटी साहेबांनी सुनावलं: पुढचा नमुना पडला, तर दुसरी नोकरी बघा.

त्या संध्याकाळी ती फाटकापर्यंत गेली आणि चष्मा राहिला म्हणून परतली. धुण्याच्या खोलीत दिवा होता. दारातच तिचे पाय खिळले. बाह्या सरसावून यंत्रवाला उभा, आणि हातात तिचं काचेचं गाळणं. तळाशी बारीक छिद्रांची चकती असलेलं. तिची प्रत्येक पावडर त्यातूनच गाळली जाई. आणि हा बाबा ते गरम सोड्याने लख्ख घासत होता!

"हे... रोज तुम्ही धुता?"

"तुमची बोटं बघवेनात. म्हटलं, निदान एवढं तरी—"

"सोड्याने?"

आम्लता मोजणाऱ्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. छिद्रांत सोडा मुरत होता आणि तिथून पावडरीत उतरत होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "म्हणजे ते सगळे निकाल... मीच पाडले?"

तिने गाळणं त्याच्या हातातून काढून घेतलं. आपल्या कामाची माती करणारा आणि आपल्यावर असा जीव टाकणारा एकच निघावा! एवढं एकदम ऐकायचं तर माणसाला दोन काळजं हवीत.

सकाळी तो आपणहून साहेबांपुढे उभा राहिला. बोलणी खाल्ली, लेखी ताकीद घेतली. नव्या गाळण्यातून तिने पावडर केली; अमोनिया असा बसला की उठता उठेना. तिची नोकरी राहिली.

सुट्टीच्या दिवशी तो घरी आला. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्याने आत्याची माफी मागितली, आणि त्याच दमात पोरीला मागणी घातली. दाराआड भाची कान देऊन उभी होती.  आत्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग एकदा दाराआडच्या सावलीकडे पाहिलं.

"न विचारता धुवायला गेलास आणि पोरीच्या पोटावर पाय आणलास," ती म्हणाली. "आज विचारायला आलास, म्हणजे शिकतोयस. माया शिकवून येत नाही रे, अक्कल येते. दारात काय उभा, आत ये."