तिच्या मापाचं घर

ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या पेशंटला बहुतेक डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो दुखण्याचा. या रुग्णालयातले भूल देणारे डॉक्टर मात्र खाटेशी स्टूल ओढून बसत आणि म्हणत, "दुखण्याचं नंतर सांगा, आधी मनाचं सांगा. कसं वाटतंय?" उत्तर मिळालं की खिशातल्या वहीत एक-दोन शब्द लिहीत. धास्ती. चिडचिड. घरची आठवण. बावीस वर्षं हा क्रम चालला होता. नव्या नर्सना ते समजावून सांगत, "स्वप्न पाण्यासारखं ओघळून जातं, पण ओल मागे राहते. आपण ती ओल बघायची."

"आणि पेशंट झोपेत तुम्हाला काय शिव्या घालतात, तेही कळतं," मोठ्या सिस्टर म्हणत. रिकव्हरी रूम त्यांच्या ताब्यात होती, आणि डॉक्टरांची थट्टा करायचा हक्कही.

खोली साधीच. सहा खाटा, मॉनिटरचा एकसुरी आवाज, स्पिरिटचा वास आणि पूर्वेला एक रुंद खिडकी. एका सकाळी तिथे हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक गवंडी जागा झाला. डोळे ओले, पण चेहरा उजळलेला.

"काम फत्ते झाल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "पायऱ्या बांधल्या, साहेब. तीनच, पण बसक्या. उभ्या जन्मात इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं."

डॉक्टरांनी लिहिलं, समाधान.

आठवड्याने एक सुतार आला, अपेंडिक्सचा. जागा होताच म्हणाला, "दार बसवलं. केसाएवढी फट नाही. पण त्या पायऱ्या कुणी केल्या हो? त्या माणसाचा हात एकदा हातात घ्यायचाय मला."

गवंडी तर तीन दिवसांपूर्वीच घरी गेला होता. दोघांची गाठ पडणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी रजिस्टर दोनदा पाहिलं, मग मनाची समजूत घातली की वॉर्डात काहीतरी कानावर पडलं असेल. भुलीत कान सगळ्यांत शेवटी झोपतात.

पण मग फरशी बसवणारा आला, रंगारी आला, नळ जोडणारी बाई आली. कुणाला काही न विचारता, न शिकवता, जो तो आपला वाटा उचलून जात होता. पहिल्याचं काम दुसरा वाखाणायचा, दुसऱ्याचं तिसरा. बांधकामाशी काडीचा संबंध नसलेला एक बस ड्रायव्हर म्हणाला, "मी नुसत्या विटा वाहिल्या. पण इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे बायकोला सांगू नका."

वहीची पानं समाधानाने भरली. डॉक्टरांना त्या न पाहिलेल्या घराचं कौतुक वाटू लागलं होतं. सकाळी कामावर जाताना त्यांची पावलं भराभर पडत. म्हणून पुढे आलेल्या एका लोहाराला त्यांनी हौसेनेच विचारलं, "आज काय केलंत?"

"कठडा. पायऱ्यांच्या डाव्या हाताला."

"डाव्याच का?"

"राहायला येणाऱ्या बाईंचा उजवा पाय अधू आहे ना. खिडक्याही म्हणूनच खाली घेतल्यात. बसून शिवतात त्या, उजेड हातावर पडला पाहिजे."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

त्यांची थोरली बहीण उजवा पाय ओढत चालायची. आई गेली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि हे सहा. शिलाई मशीनवर बसून तिने धाकट्या भावाला डॉक्टर केलं. लग्न केलं नाही, स्वतःसाठी कधी नवं कापड घेतलं नाही. आणि आता तिच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी होतं.

ते सर्जनकडे गेले. "नुसतं कमरेखाली बधिर करून नाही भागणार?"

"पोट उघडायचंय, आणि ताईंना जागं ठेवू? गप्पा मारायला?" सर्जन हसले, मग त्यांचा चेहरा बघून गंभीर झाले. "आणि पुढे ढकलू म्हणत असाल, तर गाठ वाईट असल्यास हातात दोन महिने. त्यापलीकडचं मी बोलत नाही."

दुपारी डॉक्टरांनी ताईला सगळं सांगितलं. ती मशीन थांबवून ऐकत राहिली.

"इतकी माणसं राबली? माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मी तर कुणाकडे कधी पेलाभर पाणी मागितलं नाही रे."

"ताई, घर पुरं झालं, तर..."

"तर काय?"

"तर तू तिथेच राहशील," ते म्हणाले. ताईने दोरा दाताने तोडला. "इतकं म्हणतोस तर बघून तरी येईन."

घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, हा त्यांचा दंडक होता. मंगळवारी सहकाऱ्याने ती दिली. डॉक्टर रिकव्हरी रूममध्ये, खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेशी स्टूलवर बसून राहिले. मोठ्या सिस्टर एकदा डोकावल्या. पाण्याचा पेला ठेवून गेल्या.

तीन तासांनी ताईला आणलं. पापण्या हलल्या.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखण्याचं नंतर," ताई पुटपुटली. "आधी मनाचं विचार की."

तिचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. वय उतरून गेल्यासारखा.

"आत गेलीस?"

"दारातूनच पाहिलं. सगळे हात धुऊन उभे होते. काय घर आहे रे! मी म्हटलं, पण खिडक्यांना पडदे नाहीत, पडद्यांशिवाय मी राहायची नाही. तर म्हणाले, मग तुम्हीच शिवा, ताई. आम्ही थांबतो." तिने डोळे मिटले. "चार खिडक्या. मापं घेऊन आलेय."

गाठ साधी निघाली. ताई महिन्याभरात हिंडूफिरू लागली. स्वतः जाऊन पोपटी कापड आणलं, पिवळ्या काठाचं. मापं घरातल्या कुठल्याच खिडकीला लागू नव्हती. ती शिवताना गुणगुणायची, आणि तिचं ते सुख बघून डॉक्टरांना थांब म्हणवत नसे. एकेक पडदा झाला की घडी घालून ती कपाटात ठेवी.

इकडे पेशंटांची कामं थांबली होती. ते नुसतेच शांत जागे होत. "कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखं वाटतंय," ते सांगत. "छान वाटतंय. घाई नाही कुणाला."

मग एका गुरुवारी एक म्हातारे पोस्टमन जागे झाले.

"तीन खिडक्यांना पडदे लागलेत," ते म्हणाले. "पोपटी. पिवळा काठ. काय हात आहे हो त्या बाईंचा. चौथीतून तेवढं ऊन येतंय."

डॉक्टरांनी वही मिटली आणि भरदुपारी घर गाठलं.

ताई खिडकीशी बसली होती. त्यांनी कपाट उघडलं. तिन्ही पडदे जागेवर होते, नीट घडी घातलेले.

त्यांनी वरच्या घडीवर हात ठेवला.

बंद कपाटातलं कापड उन्हात वाळत घातल्यासारखं गरम होतं.

"लवकर आलास," ताई म्हणाली. चौथा पडदा तिच्या मांडीवर होता, एक काठ तेवढा राहिला होता.

"सावकाश कर, ताई."

"सावकाशच करतेय. डोळे कुठे चालतात आता?" तिने सुई आणि दोरा पुढे केला. "एवढा ओवून दे."

त्यांनी सुई मुद्दाम तिरकी धरली. तरी दोरा पहिल्याच खेपेला आरपार गेला.