पिठावरचा पंजा

"भावना, लवकर ये वं. पोळी फाटून राहिली."

फोनवर सिंधूआत्याचा आवाज इतका खाली गेला होता की भावनाला आधी वाटलं, घरात कोणी गेलं.

बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. भावना अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि दुपारी आत्याकडेच जेवायला जाणार होती. लांब पोळी आणि आमरस, दरवर्षीसारखं. तिने डोक्याला ओढणी गुंडाळली आणि उन्हातच स्कूटी इंदोऱ्याकडे वळवली.

अंगणात चुलीवर पालथं मडकं तापलं होतं. शेजारी परातीत सैल, ओली कणीक. आत्याने एक गोळा तळव्यावर घेतला आणि या हातावरून त्या हातावर झुलवला. एरवी तो कोपरापर्यंत लांबायचा, इतका पातळ की पलीकडचं दिसावं. आज वीतभर लांबला आणि मधोमध फाटला. अर्धा निखाऱ्यात पडला.

आत्याने हात परातीच्या काठावर निपटला. करंगळी तेवढी वाकून तळव्याशीच राहिली.

"पाह्यलं? लग्न होऊन आली तवापासून करून राहिली मी. आता हातही विसरला."

"मीठ घातलं होतं?"

"घातलं. पाण्यात विरघळून. आपटली बी चांगली. पण माह्या आठवणीचा काय भरवसा?"

यावरच सगळं अडलं होतं. आत्याच्या मुलीच्या, मायाच्या बाळाच्या बारशाला आत्याने केलेली खीर खारट निघाली होती. नंतर एकदा तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. प्रत्येक वेळी तीच म्हणायची, विसरली असेन. आज जेवणं झाली की ती या घराला कुलूप लावून बेसा भागात मायाकडे राहायला जाणार होती. कायमची. पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

"आत्या, जायचं आहे तुला?"

"नाही. पण एखाद्या दिवशी गॅस चालू ठेवीन, त्याचं काय?"

भावनाने परातीतून लिंबाएवढी कणीक उचलली. नळाची बारीक धार सोडून, खाली वाटी धरून ती चोळत राहिली. दुधासारखं पाणी वाटीत उतरलं. बोटांत थोडे तुटके धागे उरले, बस.

ती जिना चढून वर गेली. वर आत्याचा मुलगा नागसेन आणि सून रितिका राहत.

"वहिनी, खालचं पीठ कुठून आलं?"

"आईंनी गहू धुऊन वाळवले. काल हे चक्कीवरून दळून घेऊन आले. अर्धं खाली दिलं, अर्धं मी ठेवलं." रितिकाने डबा पुढे केला. "सगळे माझ्याकडेच बघून राहिले आज. मला माहीत आहे."

"मी पिठाकडे बघते आहे. आत्याने तिचं पीठ चाळलं का?"

"लगेच. पातळ कापडातून. मग नेहमीसारखा वर पंजा उमटवला."

ही या घरातली जुनी रीत. सणाचं पीठ चाळून डब्यात भरलं की आत्या त्यावर उजवा हात दाबायची. सकाळी तो ठसा जसाच्या तसा दिसला, की पिठाला कोणी हात लावला नाही असं समजायचं.

भावनाने वरचं पीठ भिजवलं, थोडं थांबली आणि तसंच धुतलं. या वेळी हातात रबरासारखा गोळा उरला. ओढला की लांबत होता, सोडला की आखडत होता.

"सकाळी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. हे पहाटेच विहारात गेले, खीरदानाच्या तयारीला. आई मागून गेल्या, खालचं कुलूप लावून. मी आंबे पिळत होते."

"खालची चाबी?"

"एक आईंकडे. एक इथे खुंटीवर. एक माया ताईंकडे." तिने हात पुसले. "मला करायचंच असतं तर आईंचा हात भाजला तेव्हाच टाकलं असतं ना त्यांना? दवाखान्यात मी नेलं. पट्टी हे बदलायचे. करंगळी शेवटी सरळ झालीच नाही. त्यात वर शपथ, मायाला सांगायचं नाही. तिची डिलिव्हरी झाली होती ना तेव्हा. अजूनही तिच्यासमोर आई तो हात पदराआडच ठेवतात."

भावनाने हातातला गोळा वाटीत ठेवला.

"आज डबा उघडताना कोणी पाहिलं?"

"मी. स्टेटसला व्हिडिओ टाकला. आईंचा चष्मा वर राहिला होता, तो द्यायला गेले होते."

छोटा व्हिडिओ होता. आत्या डब्याचं झाकण काढते. पांढऱ्या पिठावर पंजा, पाचही बोटं नीट पसरलेली. आत्या डोळे बारीक करून बघते, "हाव, आहे" म्हणते आणि वाटी खुपसते.

भावनाने तो दोनदा पाहिला.

खाली नागसेन चुलीपाशी उकिडवा बसला होता.

"काय गा दादा, आत्या गेली की घर पाडून फ्लॅट बांधणार म्हणे?"

"कोण म्हणते?"

"गल्लीत सगळे."

"बिल्डर येऊन गेला. मी चहा पाजला अन् रवाना केलं. चहा पाजणं गुन्हा आहे काय?" त्याने राख उकरली. "आई गेली तं मले सकाळी कोण शिव्या देईल?"

माया आतल्या खोलीत बाळाला थोपटत होती. मिहानमधल्या ऑफिसातून घेतलेली तिची बाळंतपणाची रजा उद्या संपत होती. भावना दारात टेकली.

"ताई, विहारात उशीर झाला का तुला?"

"हा रडत होता. तांदळाची पेज भरवली, मग निघाली."

"इथे येऊन गेली होती?"

"नाही वं. सरळ विहारातच. काहून?"

"सगळ्यांनाच विचारते आहे."

थोड्या वेळाने भावनाने चौघांना अंगणात बसवलं. चटईवर तीन वाट्या ठेवल्या.

"आत्या, तुझ्या हाताचा काही दोष नाही. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं. कणीक धुतली की ते रबरासारखं मागे उरतं आणि त्याच्याच जोरावर पोळी लांबते. ही वरच्या पिठाची वाटी. गोळा पाहा. ही खालच्या पिठाची. जवळपास काहीच नाही. गहू तेच, चक्की तीच. म्हणजे चक्कीवर काही झालं नाही, दादाने आणतानाही नाही. भेसळ झाली ती पीठ खाली आल्यावर."

"कायची?" आत्याने विचारलं.

"ही तिसरी वाटी म्हणजे धुतलेलं पाणी. खाली बारीक, खरखरीत थर बसला आहे. तांदळाचं पीठ असावं. रंग सारखाच, चव फार बदलत नाही. पोळी मात्र लांबत नाही."

"पण पिठावर माह्या हाताचा पंजा होता. मी पाह्यला."

"पंजा होता. चष्मा तुझ्या डोळ्यांवर नव्हता. वहिनी, थांबवा व्हिडिओ तिथे. आत्या, आता चष्मा लाव आणि बोटं मोज."

आत्याने मोबाईल जवळ धरला. तिचे ओठ हलले. मग तिने स्वतःचा उजवा हात समोर धरला आणि बराच वेळ त्या वाकलेल्या करंगळीकडे पाहत राहिली.

"मले तं चारच उमटवता येतात," ती म्हणाली.

"कोणीतरी जुना ठसा नीट न पाहताच पीठ कालवलं आणि वरून नवा पंजा उमटवला, तुला संशय येऊ नये म्हणून. ज्याला रीत माहीत आहे, असं माणूस. वहिनीने तुला दवाखान्यात नेलं. दादाने पट्ट्या बदलल्या. त्यांनी केलं असतं तर चार बोटं उमटवली असती. हा हात भाजला हे ज्याला कळलंच नाही, ते एकच माणूस या घरात आहे. चाबीही त्याच्याकडे आहे."

कोणी मायाकडे पाहिलं नाही. त्यामुळेच कदाचित ती बोलली.

"कधी भाजला?"

आत्याने हात पदराखाली घेतला.

"खीर तूच खारट केली?" नागसेनने विचारलं. "अन् चष्मा?"

"हो." मायाचा आवाज सपाट होता. "मी किती वेळा म्हटलं, माझ्याकडे ये. परवापासून ऑफिस आहे, याला कोणाजवळ ठेवू? दर वेळी तेच. माझं घर, माझी चूल. बाळंतपणातही आली नाही. ताप आला म्हणे. तिला चूल सोडवत नाही, तर चुलीवरचा भरवसाच उडू दे, म्हटलं मी."

"ताप नव्हता," रितिका हळूच म्हणाली.

"तू चूप राय," आत्या म्हणाली. मग मायाकडे वळली. "त्या दिवशी हेच मडकं होतं चुलीवर. तुह्या पोटात दुखायले लागलं म्हणून जावयाचा फोन आला. तशीच पळणार होती मी. घाईत मडकं उतरवाले गेली. तुले सांगतलं असतं तं तू कळा देता देता रडली असती."

मायाने तोंडावर हात घेतला. आत बाळ कुरकुरलं, तरी ती उठली नाही.

"मी रात्री जागी राहून आपल्याच मुलाबाळांची नावं मोजत होती," आत्या म्हणाली. "उद्या विसरली तं, म्हणून. तुहं नाव पयले घेत होती."

ती उठली. दाराशी ठेवलेली पिशवी आत नेली. रितिकाकडून वरचा डबा मागवला, पीठ पातळ कापडातून चाळलं, कणीक भिजवली आणि परातीत आपटू लागली.

पोळी तळव्यावरून निघाली, मनगटं ओलांडून कोपरापर्यंत आली आणि एकही भोक न पडता मडक्यावर पसरली.

सगळे जेवले. मायाच्या ताटातही तेवढीच पोळी पडली, तेवढाच रस. तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि चपला घातल्या, तेव्हा आत्याने हात पुढे केला. चार बोटं उघडी, एक मिटलेली.

"चाबी."

मायाने जुडग्यातून चाबी काढली. तिची नजर त्या करंगळीवरून हलत नव्हती.

"परवापासून लेकराले सकाळी इथं आणून सोडत जा," आत्या म्हणाली. "मी पाह्यतो त्याच्याकडे."

माया काही बोलणार होती.

"येताना बेल वाजव," आत्या म्हणाली आणि चुलीतली लाकडं मागे ओढायला वळली.