सुंदरबाईला मिळालेली कामं

धुळ्याच्या उषाकिरण टॉकीजला रविवारी सकाळी दहाचा खेळ इंग्रजी पिक्चरचा असे, आणि त्याचा बोर्ड अभिमन पेंटर रंगवत असे. शुक्रवारी भुसावळहून रिळांची पेटी आली की तिच्यातलं फोटोंचं पाकीट घेऊन तो टॉकीजमागच्या पत्र्याच्या पडवीत जाई, मांजरपाटावर कोळशाने चौकटी आखी, जवसाच्या तेलात रंग कालवी, आणि शनिवारी दिवे लागायच्या आत बोर्ड आग्रा रोडकडे तोंड करून उभा राही. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं.

इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. पण फोटो जमिनीवर मांडले की कोण जगणार नि कोण मरणार, हे तो पिक्चर न बघता सांगे. ऑपरेटर गनीला सुरुवातीला ही जादू वाटली होती.

"जादू कसली?" अभिमन म्हणाला होता. "हा लांब्या बघ. याला मी अकरा वेळा काढलाय. हा मेलेला तिकडच्या लोकांना खपत नाही, म्हणून हा मरत नाही. याच्या जागी टकल्याला घेतलं असतं, तर हाच माणूस शेवटी खुनी निघाला असता. आधी चेहरा ठरतो गनी, गोष्ट त्याच्या मागून येते."

नटांची खरी नावं गावात कोणाच्या जिभेवर बसत नसत. लांब्या, टकल्या, निळ्या डोळ्यांची, एवढ्यावर भागे. लांब्या मधोमध, पुरुषभर उंचीचा. टकल्या कडेला, हिरवट सावलीत. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जेवणाच्या ताटाएवढे, मध्यंतराच्या आगेमागे मरणाऱ्यांचे चेहरे. त्यांच्यावर अभिमन फार वेळ घालवत नसे.

देवपुरात पांझरेच्या पलीकडे त्याची एक खोली होती. सुंदरबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती साक्रीकडची, कमी बोलणारी. कोणी काही सांगू लागलं की हात कमरेच्या पदराला पुसत उभी राहून ऐकायची. तिचा एकही फोटो घरात नव्हता. हजारो चेहरे रंगवलेल्या माणसाने बायकोचं चित्र कधी काढलं नव्हतं, आणि ती गेल्यावर काढायला बसला तेव्हा हात चालला नव्हता. हनुवटीवरचा गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा आठवे. भोवतीचा चेहरा जमत नसे.

१९८६च्या श्रावणात एका पाकिटात फोटो कमी निघाले. टॉकीजचे मालक रुपचंदशेठ यांनी सोबतचं इंग्रजी पत्रक वाचून सांगितलं, "दवाखान्यातली एक सिस्टर आहे. लांब्याला लपवते आणि मारली जाते. छोटंच काम आहे. काढा कोणताही चेहरा."

अभिमनने काढला. पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, तो लांब्याच्या जबड्याचा विचार करत होता, आणि हात कोपऱ्यात आपोआप फिरत होता. शनिवारी बोर्ड उचलताना तो चार पावलं मागे सरकला आणि तिथेच थांबला. खाली उजवीकडे, पांढऱ्या टोपीखाली, त्याची सुंदर होती. डावी भुवई मधेच तुटलेली. हनुवटीवर ठिपका.

तो पुसावा असं त्याच्या मनात आलं. मग हात जमला याचंच त्याला बरं वाटलं, आणि त्याने तो राहू दिला.

रविवारी तो सहसा येत नसे. त्या दिवशी आला, आणि गनीच्या केबिनमध्ये जाऊन छोट्या झरोक्याशी उभा राहिला. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या धुराचा वास, मशीनची खडखड, खाली कॉलेजच्या पोरांच्या शिट्ट्या. तिसऱ्या रिळात दवाखान्याचं दार उघडलं आणि सिस्टर आत आली.

ती सुंदरबाई होती.

आवाज दुसऱ्याच कुणाचा होता, इंग्रजी, भरभर. पण लांब्या बोलू लागला तेव्हा तिने हात कमरेपाशी पुसले आणि मान जराशी कलती करून ती ऐकत राहिली. पुढच्या रिळात जिन्यावर तिला गोळी लागली. खाली कोणी हूं की चूं केलं नाही. छोट्या माणसांच्या मरणाची थेटरात सगळ्यांना सवय असते.

"गनी," अभिमन म्हणाला, "ती सिस्टर. कोण ती?"

गनी रीळ बदलत होता. "नवीन दिसते. तुम्हीच तर बोर्डवर काढलीय, भाऊ. हुबेहूब."

गनी टॉकीजला लागला तो सुंदर गेल्यानंतर. त्याने तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

खेळ सुटल्यावर अभिमनने ती फिल्म मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. नखाएवढ्या चौकटींमागून चौकटी, आणि प्रत्येकीत ती. मग त्याने फिल्म गनीला परत दिली.

अभिमन भोळसट नव्हता. डोळे फसवतात हे पेंटरला सगळ्यांच्या आधी कळतं. पुढच्या रविवारी तीच पेटी जळगावच्या एका टॉकीजला लागणार होती. तो पहाटेची एसटी धरून पारोळा, एरंडोल करत जळगावला गेला. तिथला बोर्ड पंडित पेंटरचा होता. त्याने सिस्टर म्हणून कुठल्याशा कॅलेंडरवरची गोरी, नाकेली बाई काढली होती. अभिमन आत जाऊन मधल्या रांगेत बसला. तोच दवाखाना, तेच दार. आत आली ती गोरी, नाकेली बाई. तिने हात पुसले नाहीत. जिन्यावर ती तशीच मेली.

परतताना तो खिडकीशी बसून केळीच्या बागा मागे जाताना बघत राहिला. भीती वाटायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला रविवारची वाट बघावीशी वाटत होती.

त्यानंतर तो कोपऱ्यात तिलाच काढू लागला. आणि ती येत राहिली. कधी खानावळीत कॉफी ओतणारी, कधी टकल्याची बायको, कधी चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारी. वीस मिनिटं, कधी चारच मिनिटं. शनिवारी रात्री तो दाढी करी. रविवारी धुतलेला सदरा घालून झरोक्याशी उभा राही. गनीने त्याच्यासाठी तिथे एक स्टूल ठेवलं.

पण प्रत्येक पिक्चरमध्ये ती मरायची. गोळीने, तापाने, मोटारीखाली. दिवाळीपर्यंत अभिमनने तिला अकरा वेळा मरताना पाहिलं. खऱ्या मरणाच्या वेळी तो जवळ नव्हता. एका मोठ्या पिक्चरचा बोर्ड संपवायचा होता, आणि निरोप आला तेव्हा हाताला लाल रंग होता. आता दर आठवड्याला तो अगदी समोर असे, आणि तरी काही करता येत नसे.

"बिचारी," एकदा गनी म्हणाला. तो भावुक झाला की घरची अहिराणी तोंडात येई. "हाई बाई उनी का माले कळी जास, आते हाई मरी. आली की मरायची, तिचं आता तेच काम ठरून गेलंय, भाऊ. एकदा मेली, दोनदा मेली, की लोक तिच्याकडे मरणारी म्हणूनच बघतात. दुसरं काम कोण देईल तिला?"

अभिमनला ते लागलं. काम देणारा तोच होता.

पौष महिन्यात निळ्या डोळ्यांचीचा पिक्चर आला. रुपचंदशेठ पत्रक वाचून म्हणाले, "बाईचाच पिक्चर आहे हा. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच." निळ्या डोळ्यांची कधीच मरत नसे. तिचे पिक्चर तशा बेतानेच लिहीत.

त्या शुक्रवारी अभिमनने कोपरा मोकळा ठेवला. कापडाच्या मधोमध, चौदा फूट उंच, त्याने सुंदरबाईचा चेहरा रंगवला. भुवई तुटलेली, ठिपका हिरवा, नजर सरळ रस्त्यावर. आयुष्यात एवढं जीव लावून त्याने काही रंगवलं नव्हतं.

"ही कोण?" रुपचंदशेठ वैतागले. "लोक निळ्या डोळ्यांचीला बघायला येतात, पेंटर."

"हिला बघायला येतील," अभिमन म्हणाला.

आले. थेटर भरलं. दिवे गेले, आणि पहिल्याच चौकटीत पडदाभर सुंदर होती.

अभिमन स्टुलावरून उठून उभा राहिला. ती हसली, रागावली, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. कॅमेरा तिच्या मागे मागे गेला. खालची पोरं गप्प झाली होती. पण जसजसा पिक्चर पुढे गेला, तसं अभिमनला काहीतरी खुपू लागलं. ती मान ताठ ठेवून चालत होती. कोणी बोलत असताना ती मधेच वळून निघून जात होती. तिने एकदाही हात पुसले नाहीत. आपल्याकडे सगळे बघताहेत हे माहीत असलेल्या बाईसारखी ती उभी राहत होती.

शेवटच्या रिळात ती बॅग घेऊन घरातून निघाली. टेबलापाशी तिचा नवरा बसला होता, पाठमोरा. बोर्डावर वाकून वाकून होतात तसे वाकलेले खांदे, मानेवर विरळ केस. पिक्चरभर त्याचा चेहरा दिसला नव्हता. ती दारात थांबली, एक वाक्य बोलली, आणि गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणाली ती?" अभिमनने खाली उतरून रुपचंदशेठना विचारलं.

शेठ खुशीत होते. "म्हणाली, तुम्ही मला पाहिलंत, पण फार उशिरा. काय बाई आहे हो! मेली नाही, रडली नाही."

पिक्चर चार आठवडे चालला. चारही रविवारी अभिमनने ते वाक्य ऐकलं.

पाचव्या आठवड्यात नवी पेटी आली. त्याने तिला पुन्हा कोपऱ्यात काढलं, ताटाएवढी. रविवारी पडद्यावर दुसरीच कोणी बाई आली, कॉफी ओतून गेली.

मग त्याने तिला मधोमध काढलं. ती आली नाही. होळीपर्यंत तो काढत राहिला.

"मोठी झालेली नटी आता आपल्याकडे कशाला येईल, भाऊ?" गनी हळूच म्हणाला. त्याला काय आणि किती कळलं होतं, हे अभिमनने कधी विचारलं नाही. गनीने स्टूल मात्र तिथेच राहू दिलं.

वर्षं गेली. देवपुरात घरोघर टीव्ही आला, मग व्हिडिओ. रविवारच्या खेळाला वीस-पंचवीस माणसं उरली. अभिमनची नजर अधू झाली. खोलीवर परतताना तो पुलावर दोनदा थांबून श्वास घेई. सुंदरचा चेहरा त्याला पुन्हा आठवेनासा झाला होता.

१९९३च्या मार्गशीर्षात, एका शुक्रवारी दुपारी, रुपचंदशेठ स्वतः पाकीट घेऊन पडवीत आले.

"पेंटर, तुमची बाई आली बघा. किती दिवसांनी!"

अभिमनने चष्मा लावला. फोटो कंपनीचा होता, गुळगुळीत, खाली इंग्रजी छापलेलं. तो त्याने काढलेला नव्हता.

सुंदर होती. भुवई, ठिपका. पण कानांजवळ केस पांढरे झाले होते, गालांवर सुरकुत्या आल्या होत्या. बेचाळिसाव्या वर्षी गेलेली बाई बावन्न वर्षांची झाली होती. अंगावर काळे कपडे होते, आणि ती हात कमरेपाशी पुसत कुणाचंतरी बोलणं ऐकत उभी होती.

"काय काम आहे हिचं?" त्याने फोटोवरून नजर न काढता विचारलं.

शेठनी पत्रक उजेडात धरलं. "विधवेचं. हे काम तिने मागून घेतलं म्हणे. हीच हवी होती असं सगळ्यांना वाटलं."

"आणि नवरा? त्याचा फोटो?"

शेठनी पाकीट उलटं करून झटकलं. आत काही नव्हतं.

"नवरा नाहीच दिसत," ते म्हणाले. "पिक्चर सुरू व्हायच्या आधीच तो गेलेला असतो."

अभिमनने मान हलवली. कोळशाचा तुकडा घेऊन तो चौकटी आखू लागला.

"रविवारी दहाला ना?" त्याने विचारलं.

"दहाला," शेठ म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत होईल ना बोर्ड?"

"होईल," अभिमन म्हणाला. "तेवढा वेळ आहे."