बंद करायचं तेवढं शिकव

मे महिन्यातली दुपार होती आणि काम अगदी किरकोळ होतं. नदीवरच्या पंपाची जाळी साफ करायची आणि मोबाईलमधली काही जुनी खाती काढून टाकायची, बस्स. जाळी शिवतेज साफ करणार होता, खाती त्याची बायको शिवांजली. दोघं जेवून मोटारसायकलवर निघाली. त्याच्या खांद्याला दोरखंड, तिच्या पाठीला लॅपटॉपची बॅग. लगेच परत यायचंय म्हणून दारात वाळत घातलेल्या कुरडयाही तिनं आत घेतल्या नाहीत.

भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी उन्हाळ्यातल्या दुपारी कृष्णाकाठी एकदा एकटं उभं राहून बघावं. माणूस नाही, जनावर नाही, पाखरूसुद्धा नाही. नदी खाली गेलेली. तापलेल्या गाळाचा आंबूस वास. आणि एवढी शांतता, की आपल्याच चपलेचा आवाज आला तरी मागं वळून बघावंसं वाटतं. पलूस तालुक्यातल्या त्या गावचे लोक या वेळी नदीकडे जात नाहीत. विचारलं तर ऊन लागतं म्हणतात.

पंप गावच्या पाणी संस्थेचा. नदीच्या पात्रात एक खोल सिमेंटची विहीर, तिच्यावर पंपघर, आणि काठापासून तिथवर जाणारा अरुंद लोखंडी पूल. पंपाचा जाडजूड पाइप थेट विहिरीच्या तळाशी उतरतो, त्याच्या तोंडाला जाळी, आणि जाळीत नदीचा सगळा कचरा येऊन बसतो. तो काढायला माणसाला शिडीनं खाली, छातीभर पाण्यात उतरावंच लागतं.

पूर्वी मोटर चालू-बंद करायचं काम नाथाजीतात्यांकडे होतं. नाथाजीतात्या म्हणजे शिवतेजचे चुलते. तापट माणूस, पण पंपाच्या बाबतीत देवपूजेसारखे नेमाचे. मोटर चालू करण्याआधी ते तारेनं टांगलेला मोठा पाना घेऊन पाइपावर दोनदा ठोकायचे आणि थांबायचे. खाली कुणी असेल तर त्यानं पाइपावर ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आलं की मोटर चालू करायची नाही. वरून हाक मारून का विचारत नाही, असं कुणी म्हटलं की तात्या खेकसायचे, "हाकंला कोण बी ओ देतंय." ही रीत त्यांनी कुठून आणली, हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. विषय बदलायचे.

मग मोबाईल आला. शिवांजली सांगलीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती, आणि तिनंच गावच्या पंपाला ती सोय करून दिली. प्रत्येक सभासदाचं एक खातं. आपली पाळी आली की घरबसल्या, नाहीतर परगावाहून, बोटानं मोटर चालू करायची. ही खाती गावात नव्हती, क्लाउडवर होती, म्हणजे दूर कुठल्यातरी कंपनीच्या संगणकांवर. गावाला एवढंच कळलं की आता नदीवर जायला नको. सगळे खूश झाले, एक तात्या सोडून.

"मोबाईलला दिसतंय व्हय, खाली माणूस हाय का न्हाई ते?" ते म्हणाले.

तरी तिनं त्यांचंही खातं उघडलं. शिकवायला बसली तेव्हा त्यांनी हिरव्या बटणावरून बोट बाजूला घेतलं. "चालू करनारं लय हायत, पोरी. मला बंद करायचं तेवढं शिकव."

आणि खरंच, जिवंत होते तोवर तात्यांनी त्या खात्यावरून मोटर कधी चालू केली नाही. फक्त बंद केली. जरा शंका आली की बंद. लोक वैतागायचे. कुणीही मोटर चालू-बंद केली की सगळ्यांच्या मोबाईलवर संदेश यायचा, आणि 'मोटर बंद, बंद करणारे नाथाजी' हा संदेश गावात चेष्टेचा विषय झाला होता. दोन पावसाळ्यांमागं तात्या घरी, अंथरुणात, झोपेतच गेले. खातं राहिलं.

ते काढण्याआधी शिवांजली सकाळी त्यांच्या बायकोकडे, बनुबाईंकडे जाऊन आली होती. न विचारता काढणं तिच्या जिवाला बरं वाटेना.

"काढ की," काकी म्हणाल्या. "त्यांचं नाव त्यात अडकवून कशाला ठिवायचं?"

"आणि फोन कुठाय तात्यांचा?"

"फोन? त्यो कवाच भंगारवाल्याला दिला. ही बादली आली त्यात." आणि त्यांनी निळी बादली पुढं सरकवली. दोघी हसल्या.

तर आता पंपघरात शिवतेज फ्यूज काढायला निघाला. विहिरीत उतरायचं तर फ्यूज काढून खिशात टाकायचा, हा त्याचा शिरस्ता. शिवांजलीनं त्याला अडवलं.

"आवं, फ्यूज असू द्या आज. नवी यादी मोटर चालवणाऱ्या या पेटीला पोचली का ते बघायचंय मला. वीज घालवली तर कळणार कसं?"

"आगं, पण कुनी चालू केली म्हंजी?"

"कोण करतंय? मी सगळ्यांची खातीच बंद ठेवते. तुमी वर येस्तोवर अख्ख्या गावात कुणाला चालू करता यायची न्हाई. ग्रुपवर निरोप पण टाकलाय."

बायकोच्या हुशारीवर शिवतेजचा भारी विश्वास. तो हसला, टॉवेल कमरेला गुंडाळला आणि शिडीनं खाली उतरला. त्याचं डोकं अंधारात दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली. विहिरीतून गार, शेवाळी वास वर येत होता. बाहेर एवढं ऊन असताना त्या वासानं तिच्या अंगावर काटा आला. मग ती पूल ओलांडून काठावरच्या करंजाखाली जाऊन बसली, कारण पंपघरात फोन कसाबसा लागायचा, पण लॅपटॉपला पुरेसं नेट मिळायचं नाही.

हे काम ती लायब्ररीनं करायची. तुम्ही म्हणाल, ही लायब्ररी कसली? तर पुस्तकांची नव्हे. क्लाउडशी बोलायचं तयार सामान असतं, ते आपल्या प्रोग्रामला जोडायचं. मग 'हा माणूस काढ', 'हा बंद ठेव' एवढं लिहिलं की निरोप पोचवायचं काम ते करतं. वेबसाइट उघडून एकेक नाव हातानं शोधत बसायला नको.

तिनं आधी तात्यांचं नाव दिलं. काढून टाक. क्षणभरात उत्तर आलं, काढलं. खात्री करायला तिनं तेच नाव पुन्हा मागितलं. असा कुणी नाही, असं उत्तर आलं. तिला जरा वाईट वाटलं. माणूस जाऊन इतके दिवस झाले, पण आज आपल्या हातानं गेला, असं काहीसं. मग तिनं बाकीची सगळी खाती बंद करायची आज्ञा सोडली. एकामागून एक नावं सरकत गेली. बंद, बंद, बंद.

झालं. तिनं पदरानं घाम पुसला.

आणि पंपघरातून मोटरचा आवाज आला.

आधी खोल घरघर, मग चढता सूर. पुलाचं लोखंड थरथरायला लागलं. शिवांजली ताडकन उठली. काय चुकलं ते तिला त्याच क्षणी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. खातं बंद केलं की माणसाला नव्यानं आत जाता येत नाही. पण जो आधीच आत गेलाय, त्याच्या फोनमध्ये परवानगीचा एक पास असतो, आणि तो काही वेळ चालत राहतो. तो रद्द करायची आज्ञा वेगळी. एरवी ती खाती बंद करून तास-दोन तास जाऊ द्यायची, त्यामुळे तिला ती कधी लागली नव्हती. आज ती लिहायची राहिली होती.

लॅपटॉप मातीत टाकून ती पळत सुटली. चपला कुठं गेल्या कळलं नाही. पुलाचा पत्रा तव्यासारखा तापलेला. खाली तळाशी पाइपाचं तोंड, जाळीशी त्याचे हात, आणि ते ओढणारं पाणी...

"आवंऽऽ!" ती ओरडली. मोटरच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

ती पुलाच्या मध्यापर्यंत पोचली असेल नसेल, तोच मोटर थांबली.

आपोआप. सूर उतरत गेला, घरघर विरली आणि पुन्हा ती मघाचीच शांतता. हातातला मोबाईल थरथरला. तिनं बघितलं.

'मोटर बंद. बंद करणारे नाथाजी.'

तिनं ते वाचलं, पण वाचायची ती वेळ नव्हती. ती पंपघरात घुसली, फ्यूज उपसला आणि विहिरीच्या तोंडाशी आडवी पडली.

"आवं... आहात का?"

काही नाही. पाणी डुचमळल्याचा आवाज. मग शिडीचं लोखंड करकरलं.

"हाय..." खालून आवाज आला. "हाय गं. थांब. दम लागलाय."

शिवतेज वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. टॉवेल नव्हता, तो पाण्यानं ओढून नेला होता. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत जाळीचे वळ. पण हात होता. बोटं होती. ती तिनं एकेक करून दाबून बघितली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते आवरेना. रडता रडता तिनं त्याला दोन गुद्देही घातले. जणू चूक त्याचीच होती.

"माजा हात चिकाटला जाळीला," तो म्हणाला. "आता गेलो म्हनलं. तवर सुटला. तू बंद केलीस ते बरं झालं."

तिनं नुसता मोबाईल पुढं केला. त्यानं वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

तेवढ्यात फोन वाजला. धनाजी. गावचाच, पण विट्याच्या पाहुण्यांबरोबर कोइमतूरला गेलेला, तिथं सोनं गाळायचं गलाईचं दुकान. "वैनी, पाळी माजी हाय. आत्ता चालू केली, तर लगीच बंद कुनी केली?" दिवसभर भट्टीपाशी असल्यानं त्यानं ग्रुपवरचा निरोप वाचलाच नव्हता. शिवांजलीनं त्याला सांगितलं. पलीकडं नुसती भट्टीच्या पंख्याची घरघर. मग धनाजी, तो मिशीवाला आडदांड गडी, लहान पोरासारखा रडायला लागला. "शिवतेजला फोन द्या," म्हणाला. "त्याचा आवाज ऐकू द्या."

शिवतेजनं फोन घेतला. "आरं, जित्ता हाय मी. रडतुयास काय गड्या." आणि तो हसला. ते हसू ऐकलं तेव्हा कुठं शिवांजलीचा जीव भांड्यात पडला. तिथंच भिंतीला टेकून ती खाली बसली. ग्रीसचा वास, गंजाचा वास, नवऱ्याच्या ओल्या अंगाचा वास, सगळं तिला त्या घटकेला अमृतासारखं वाटलं. तात्यांनी वाचवलं. कसं, ते तिला विचारायचंही नव्हतं. काढलेलं खातं, भंगारात गेलेला फोन, राहू दे सगळं. कुणी का असेना, आपला माणूस वर आला होता.

ऊन कलेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली. निघताना शिवतेज म्हणाला, "धनाजीचा ऊस वाळतुय. आता आलोच हाय तर चालू करून जाऊ. पन तात्याच्या रीतीनं."

त्यानं फ्यूज बसवला. टांगलेला पाना घेतला. कितीतरी दिवसांनी त्या पाइपावर घाव पडले. ठण्... ठण्... आवाज पाइपातून खाली खाली गेला आणि पाण्यात विरला. दोघं थांबली. तात्या थांबायचे तशी.

खालून उत्तर आलं.

ठण्... ठण्...

शिवतेजचा हात तसाच वर राहिला. विहिरीचं तोंड उघडं होतं. शिडी रिकामी होती. पाण्यावर त्याचा टॉवेल तरंगत होता आणि पाणी जराही हलत नव्हतं. तापलेलं लोखंड निवताना वाजतं, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. पण ते असं मोजून वाजत नाही.

शिवतेजच्या चेहऱ्यावरची भीती मात्र हळूहळू ओसरली. त्यानं पाना जागेवर टांगला, फ्यूज काढून खिशात टाकला आणि विहिरीकडे बघून हात जोडले. "बरं तात्या," तो म्हणाला. "उद्या करतो."

उत्तर आलं की मोटर चालू करायची नाही. त्यांनी नाही केली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा ठोकलं, खाली शांत होतं, आणि धनाजीच्या उसाला पाणी मिळालं. आता गावानं ठराव केलाय, की पंपघरात माणूस उभा राहून पाना वाजवल्याशिवाय मोबाईलवरून मोटर चालू व्हायची नाही. शिवांजलीनं तशी सोयच करून टाकली, आणि पास रद्द करायची ती आज्ञा आता तिच्या प्रोग्रामात सगळ्यात वर असते. शिवतेज ज्याला त्याला कौतुकानं सांगतो, की तात्या अजून पंपाला राखण आहेत. ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. त्यालाही वाटतं.

शिवांजली मान डोलावते. पण त्या दिवशी घरी परतताना पुलावर तिच्या मनात जे आलं, ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. तात्या घरी, अंथरुणात गेले होते. त्या विहिरीत ते कधी उतरलेसुद्धा नव्हते. आणि आयुष्यभर ते ठोकायचे वरून. उत्तर द्यायचं असतं ते खालच्यानं.