उगाच राहिलेला हिरवा चौकोन

“हिनंच विकलंय!” बोंग देहोनं टेबलावर हात आपटला.

 ताक येरिनपुढची किंबाप, भाताची गुंडाळी, सुकून गेली होती. ती ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत; त्याच्या सुरक्षेतली एक फट बुजवायचं काम तिचं. बुजण्याआधीच कुणीतरी त्याच फटीतून एका वकीलबाईंचा संगणक फोडला आणि साक्षीदारांची नावं पळवली. फट ठाऊक होती तिघांनाच: बक्षिसासाठी ती शोधून कंपनीला कळवणाऱ्या बाहेरच्या बोंगला, येरिनला आणि तिचे साहेब गुक यांना. गुकनी आधी येरिनचा पासवर्ड बंद केला, मग पोलिसांना फोन. बळीचा बकरा तयारच!

सोलच्या सायबर पोलिसांतल्या मोक जिन्सो तोंडानं भलत्याच फटकळ. “फट कसली? मला कळेल असं सांग.”

“ब्राउझरनं मेमरीतली जागा मोकळी केली, पण पत्ता जुनाच धरून ठेवला,” येरिन म्हणाली. “चोरानं तिथं आपला माल टाकला, की ब्राउझर तो स्वतःचाच समजून वापरतो.”

“तुम्हाला कशी सापडली हो, बोंग?”

“माझं मशीन ब्राउझरच्या घशात वेडीवाकडी पानं कोंबत असतं. एका पानानं तो कोसळला. मग फालतू ओळी छाटल्या, कंपनीला छाटलेलं पान पाठवलं.”

“आणि मूळ पान?”

“ते मी कुणाच्या बापालाही दाखवत नाही!”

मोकनी वकीलबाईंच्या संगणकात सापडलेलं पान उघडलं. “येरिन, हा हिरवा चौकोन कशाला?”

येरिननं निरखून पाहिलं. “कशालाच नाही. काढला तरी ब्राउझर कोसळेल. मला आलेल्या पानात तो नव्हताच.”

“मग तूच घातला असशील,” गुक खेकसले.

“तुम्ही गप्प बसा!” मोक कडाडल्या. “बोंग इकडे आल्यावर आमच्या माणसांनी त्याच्या घरातलं मशीन उचलून तपासलंय. मूळ पानात हाच चौकोन आहे. हाच रंग, हेच वेडंवाकडं माप. कंपनीला पाठवलेल्या पानातून तो छाटला गेला. म्हणजे चोराला मिळालं ते मूळ पान, आणि ते फक्त याच्याकडे. या गड्यानं आधी माल चोराला विकला. मग पान छाटून साळसूदपणे कंपनीकडे बक्षीस मागायला आला.”

बोंगचा चेहरा पांढराफटक पडला. “एवढा एक चौकोन...”

“न छाटताच विकलंस, घाई नडली तुला. चल, ऊठ!”

दार लागलं. गुक कसनुसं हसले. “येरिन, गैरसमज झाला गं. जा घरी, आराम कर.”

“आराम?” येरिननं संगणक पुढ्यात ओढला. “साहेब, तुम्ही मला चोर ठरवत बसलात आणि फट अजून उघडीच आहे. पासवर्ड द्या माझा.”