मागचं डावं चाक

गाडीचं मीटर बंद पडलं तर लोक फारसं मनावर घेत नाहीत. काटा हलला नाही म्हणून गाडी काही थांबत नाही. आपण किती जोरात चाललोय हे न कळलेलंच बरं, असं मानणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून दाताचे डॉक्टर ऐन जेवणाच्या वेळेला त्यांची जुनी गाडी घेऊन गॅरेजवर आले आणि "मीटर आजच्या आज चालू करून द्या," म्हणाले, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली.

"आज नाही जमायचं," मी म्हणालो.

बायको शटरजवळच्या टेबलावरून डोळे वटारून बघत होती. तिने मला बाजूला घेतलं. "अहो, त्यांच्या मिसेस हरवल्यात. पेपरात फोटो आलाय. पण तुम्ही पेपर फक्त ऑइल पुसायला वापरता."

मी ओशाळलो आणि डबा तसाच बाजूला ठेवला.

डॉक्टरांनी मग स्वतःच सांगितलं. मिसेसना हल्ली काही लक्षात राहत नव्हतं. गेल्या आठवड्यात दुपारी ते जरा आडवे झाले असताना त्या दार उघडून बाहेर गेल्या, त्या गेल्याच. पोलीस शोधत होते, मुलगी हॉस्पिटलं पालथी घालत होती, आणि डॉक्टर गाडी घेऊन एकेक रस्ता बघत होते. "मीटर बंद, त्यामुळे किलोमीटरचे आकडेही पुढे सरकत नाहीत. घरापासून कुठवर बघून झालं, काही कळत नाही हो. त्याच त्याच रस्त्यांवर फिरतोय की काय, असं वाटतं." बोलताना हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं.

ह्या मॉडेलचं मीटर मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरवर चालतं. चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं, सेन्सर ते दाते मोजतो आणि वेग कळवतो. दाते मोजायचे म्हटल्यावर डॉक्टर किंचित हसले. मला बरं वाटलं. साधं काम होतं.

मी गाडी चालवायला घेतली आणि गाडीला जोडलेला स्कॅनर त्यांच्या हातात दिला. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग वेगवेगळा दिसतो. "आकडे वाचत चला," मी सांगितलं.

"तीस, तीस, तीस," डॉक्टर म्हणाले. "मागचं डावं, तीन."

सिग्नलला थांबलो.

"शून्य, शून्य, शून्य. मागचं डावं, तीन."

चालत्या गाडीतही तीन, थांबलेल्या गाडीतही तीन. मीटरवर एवढा कमी वेग दिसतच नाही, काटा शून्यालाच चिकटल्यासारखा वाटतो. सेन्सर मेला तर शून्य दाखवतो, बिघडला तर आकडे माकडासारखे उड्या मारतात. असा शांतपणे तीनवर बसलेला सेन्सर मी कधी पाहिला नव्हता.

परत येऊन गाडी जॅकवर घेतली. सेन्सरला चिकटलेला लोखंडाचा भुगा पुसून काढला. तीन. नवा सेन्सर लावला. तीन. चाक हाताने गरागरा फिरवलं, मग धरून ठेवलं. तीनच. वायर मल्टिमीटर लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, कुठे तुटलेली नाही, कुठे उघडी नाही. शेवटी वैतागून सेन्सरचं कनेक्शनच उपटलं. आता आकड्याच्या जागी रेघ यायला हवी होती.

तीन.

"हा गाडीचा वेगच नाही," मी चिडून बोलून गेलो. "चालणाऱ्या माणसाचा वाटतोय."

डॉक्टर स्कॅनरकडे बघत होते. मीही वाकलो. तीनचे दोन झाले, दोनाचा एक, मग शून्य. चला, सुटलो एकदाचा, असं मी मनात म्हणतोय तोवर पुन्हा एक आला. मग दोन. मग तीन.

"बसली होती," डॉक्टर म्हणाले.

"कोण?"

"गुडघा दुखतो तिचा. थोडं चाललं की टेकावं लागतं. नेहमीचंच आहे."

मला त्यांची फार दया आली आणि स्वतःच्या जिभेचा राग आला. मी समजुतीच्या सुरात सांगितलं, की गाडीचं कंट्रोल युनिट बिघडलंय, तेच मनाला येईल तो आकडा दाखवतंय. माझ्याकडे ह्याच मॉडेलचं जुनं युनिट पडलेलं आहे, ते बसवलं की मीटर ठणठणीत.

"नको. हात लावू नका." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुठल्या दिशेला चालली आहे, ते दिसतं का यात?"

"नाही हो डॉक्टर. ह्याला नुसता वेग कळतो. गाडी पुढे चाललीय की मागे, तेही कळत नाही."

त्यांनी मान हलवली. पुढचा तासभर असाच गेला. आकडा तीनवर असायचा, मधूनच उतरत उतरत शून्यावर यायचा, तेवढ्यापुरते डॉक्टर अवघडून बसायचे, आणि तो पुन्हा चढला की त्यांचे खांदे सैल व्हायचे. माझं डोकं आता काम करेनासं झालं होतं. मी हट्टी माणूस आहे. न विचारताच पुढे गेलो आणि बॅटरीची वायर काढली.

डॉक्टर धावत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "काय केलंत हे?"

गाडी पूर्ण बंद होती. स्कॅनर तेवढा स्वतःच्या बॅटरीवर चालू होता, पण त्याला काही सांगायला आता आत कोणी नव्हतं.

तीन.

त्यांनी माझा हात सोडला. "बघा," एवढंच म्हणाले, आणि स्कॅनर मांडीवर घेऊन मागच्या सीटवर उजव्या बाजूला जाऊन बसले.

मी शटरशी आलो. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. "काय झालंय त्या गाडीला?"

"वायरिंग," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? शटर सोडलं तर आमच्या गॅरेजला दुसरा दरवाजा नाही, आणि आम्ही दोघं त्याच्यात उभे होतो. मी पाणी प्यायलो, तोंडावर मारलं. आत फोन वाजायला लागला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला.

"ते उचलत का नाहीत?" बायको म्हणाली.

मागच्या सीटवर डॉक्टर नव्हते. फोन होता आणि शेजारी स्कॅनर होता. मी गाडीखाली वाकून बघितलं, रॅकच्या मागे बघितलं. मग फोन उचलला.

"बाबा, आई सापडली!" मुलगी रडत होती.

मी कोण ते सांगितलं. तिच्या बोलण्यात खंड पडेना. "सकाळीच कोणीतरी हॉस्पिटलात आणून सोडलं तिला. नाव सांगता येत नव्हतं, म्हणून आम्हाला उशिरा कळलं. बरी आहे. आत्ताच झोपून उठलीय आणि 'हे कुठे आहेत' म्हणून विचारतेय. काका, बाबांना द्या ना फोन."

"त्या मघाशी चालत होत्या का?" मी विचारलं.

"चालेल कशी? पाय प्लास्टरमध्ये आहे तिचा."

मी स्कॅनर उचलला.

मागचं डावं चाक, तीन.

मागचं उजवं चाक गाडी जॅकवर घेतल्यापासून शून्यावर होतं. तिथे आता सहा होता. त्यांच्या वयाला ते पळणंच म्हणायचं.

"हॅलो? काका? बाबा आहेत ना तिथे?"

सहाचे पाच झाले, पाचाचे चार. मग तीन.

दोन्ही चाकं तीनवर आली. बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

गुडघ्यासाठी थांबायची वेळ होऊन गेली. मग पुन्हा होऊन गेली. डावं चाक आता थांबत नव्हतं.